बालवाडीत पेन्सिलीची घाई नको: या चुका टाळा

जूनमध्ये तीन वर्षांचं मूल बालवाडीत येतं आणि जुलैत त्याच्यापुढे दुरेघी वही उघडली जाते. बालवाडीत होणारी ही सगळ्यात महाग चूक. हातावरचा ताबा आधी खांद्यात येतो, मग कोपरात, मनगटात आणि शेवटी बोटांत. त्याआधीच पेन्सिल दिली, की मूल ती मुठीत आवळतं, कागद फाटेपर्यंत दाबतं आणि चार ओळींत कंटाळतं. वळण लावायला रोज पानभर गिरवून घेतलं, तर ती चुकीची पकडच पक्की होते.

ही लक्षणं दिसली तर महिना-दोन महिने वही बाजूला ठेवा. भिंतीवर मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला फळा लावा आणि हात पुरेल तेवढे मोठे गोल काढू द्या. अंगणातल्या फरशीवर पाण्यात बुडवलेला ब्रश फिरवू द्या. मटार सोलणं, कपड्यांचे चिमटे दोरीवर लावणं, कागद फाडून चिकटवणं, ही सगळी लेखनाचीच तयारी. रंगखडू मात्र अख्खा देऊ नका. दोन-तीन सेंटिमीटरचा तुकडा मुठीत धरता येत नाही, त्यामुळे चिमटीत धरावाच लागतो.

बोटांच्या तयारीसाठी मुलांना मळायला एक गोळा द्या. त्यासाठी 2 वाट्या मैदा, 1 वाटी बारीक मीठ, 1 चमचा तेल आणि साधारण पाऊण वाटी पाणी घ्या. पाणी एकदम ओतलं तर गोळा हाताला चिकटतो; मग मूठभर मैदा आणखी घाला. गोळा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. पावसाळ्यात त्याला वास आला तर सरळ फेका. त्यात मीठ भरपूर असतं, म्हणून तो मुलांच्या तोंडात जाणार नाही याकडे लक्ष हवंच.

अक्षरांची सुरुवात ‘अ’पासून करायची सवय आहे, पण ‘अ’ काढायला अवघड. ग, म, भ, न यांच्या आकारांत साम्य आहे, म्हणून तिथून सुरुवात सोपी जाते. पुढे व, ब, क एकत्र घ्या. त्याही आधी कानाची तयारी हवी. मका, मगर, मध हे शब्द म्हणून सुरुवातीला काय ऐकू येतं ते विचारा. ‘कमळ’ म्हणताना तीन टाळ्या वाजवून घ्या. आवाज सुटा ऐकू येत नसेल, तर अक्षर हे मुलासाठी नुसतं चित्र राहतं.

शंभरपर्यंत आकडे घडाघडा म्हणणाऱ्या मुलाला ‘सात झाकणं दे’ म्हणून पाहा. बरीच मुलं मूठभर झाकणं देतात, कारण त्यांनी पाठ केलेलं असतं ते गाणं. एका वस्तूला एकच आकडा आणि शेवटचा आकडा म्हणजे एकूण वस्तू, हे कळायला रोजची मोजणी लागते: खाऊच्या वेळी प्रत्येकाला एक ताटली. दहापर्यंत पक्कं झाल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘तेवीस’मध्ये तीन आधी ऐकू येतात, म्हणून घाई केली की मूल 32 लिहितं. तीन वर्षांच्या मुलांना मोजायला चिंचोके-मणी नकोत, ते नाकात जातात.

मेळघाटातलं मूल घरून कोरकू भाषा घेऊन येतं, खानदेशातलं अहिराणी. त्याचा शब्द चूक ठरवला तर ते बोलणंच थांबवतं. आधी त्याचा शब्द उच्चारा, मग शेजारी मराठी शब्द ठेवा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचं जे काम केलं, त्यात साहित्यही भोवतालचंच होतं: पानं, बिया, शंख-शिंपले. विकतच्या महागड्या संचांवर खर्च करण्याआधी हे आठवावं.

‘वहीत काहीच कसं नाही?’ असं पालक विचारणारच. त्यासाठी दर महिन्याला मुलाकडून माणसाचं एक चित्र काढून घ्या, मागे तारीख टाका आणि फाइलमध्ये ठेवा. जूनमध्ये नुसत्या रेघोट्या असतात. मार्चपर्यंत बऱ्याच मुलांच्या चित्रात डोळे, हात, कधी बोटंही येतात. पालकसभेत ही दोन पानं शेजारी-शेजारी ठेवा.