पहिल्या अर्जातच अंतरिम आदेश मागा : कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध न्यायालयात जाताना

जिवाला धोका असेल, तर कागदपत्रे जमवत थांबू नये. ११२ किंवा महिलांसाठीच्या १८१ या क्रमांकावर आधी फोन करावा. त्यानंतरचा मार्ग कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ या कायद्याने आखून दिला आहे.

या कायद्याच्या कलम १२ खालचा अर्ज न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे करायचा असतो. तो पीडित महिलेला स्वतः, वकिलामार्फत किंवा संरक्षण अधिकाऱ्यामार्फत (या कायद्याखाली पीडितेच्या मदतीसाठी नेमलेला अधिकारी) करता येतो. सासर सोडून माहेरी किंवा अन्यत्र तात्पुरती राहत असेल, तर तिथल्या न्यायालयातही तो चालतो. वकिलाच्या खर्चामुळे अनेकजणी मागे हटतात, आणि याचे फार वाईट वाटते, कारण विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ नुसार कोणत्याही महिलेला, तिचे उत्पन्न कितीही असो, मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे. त्यासाठी जिल्हा किंवा तालुका विधी सेवा कार्यालयात जावे, अथवा १५१०० वर संपर्क साधावा.

अर्ज लिहिताना सर्वांत जास्त वेळ घटनांच्या वर्णनाला द्यावा. ‘नेहमी छळ करतात’ एवढे लिहिल्याने न्यायाधीशांपुढे चित्र उभे राहत नाही. कोणत्या दिवशी, कोणी, काय केले, कोण हजर होते, दवाखान्यात जावे लागले का, हे क्रमाने लिहावे, आणि नेमकी तारीख आठवत नसेल तर ती मनाने न घालता महिना किंवा सणवार सांगावा, कारण उलटतपासात एक चुकीची तारीखही साऱ्या कथनावर शंका आणते. मारहाणीइतकेच शिवीगाळ, पैसे अडवणे, स्त्रीधन काढून घेणे हेही कायद्याच्या व्याख्येत येते, म्हणून ते क्षुल्लक समजून गाळू नये. वैद्यकीय कागद, छायाचित्रे, संदेश यांच्या प्रती घराबाहेर विश्वासाच्या व्यक्तीकडे ठेवाव्यात.

कायद्याप्रमाणे पहिली सुनावणी साधारणतः ३ दिवसांत ठेवायची असते आणि त्यानंतर ६० दिवसांत निकाल देण्याचा प्रयत्न करायचा असतो. प्रत्यक्षात प्रकरणे बरीच लांबतात. म्हणूनच मूळ अर्जासोबत कलम २३ खाली अंतरिम आदेशाची, म्हणजे अंतिम निकालापूर्वीच्या तात्पुरत्या आदेशाची, मागणी शपथपत्रासह करणे मला अत्यावश्यक वाटते, कारण प्रथमदर्शनी हिंसाचार किंवा त्याची शक्यता दिसली, तर सामनेवाल्याची (ज्याच्याविरुद्ध अर्ज आहे त्याची) बाजू ऐकण्यापूर्वीही न्यायालय एकतर्फी आदेश देऊ शकते. संरक्षण, निवास, खर्चाची रक्कम, मुलांचा तात्पुरता ताबा, यांपैकी जे हवे ते स्पष्ट शब्दांत मागावे.

‘घर सासूच्या नावावर आहे, तुझा काही हक्क नाही’ असे हमखास ऐकवले जाते. सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सतीशचंदर आहुजा प्रकरणात स्पष्ट केले आहे की, जिथे सून संसार करून राहिली, ते घर पतीच्या नातेवाइकाच्या मालकीचे असले तरी तिथे राहण्याचा हक्क सांगता येतो. हा मालकीहक्क नव्हे, निवासाचा हक्क आहे. हा फरक अर्जातही जपावा. पोटगीसाठी दोन्ही पक्षांना उत्पन्न, मालमत्ता व देणी यांचे शपथपत्र द्यावे लागते, आणि गरज पडल्यास सामनेवाल्याच्या पगारातून रक्कम थेट देण्याचा आदेश नियोक्त्याला देता येतो.

आदेशाची प्रत विनामूल्य मिळते. ती जवळच्या पोलीस ठाण्यालाही पाठवली जाते. संरक्षण आदेश मोडणे हा दखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतील असा), अजामीनपात्र गुन्हा असून त्यासाठी १ वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात, म्हणून उल्लंघन झाल्यास प्रत दाखवून लगेच तक्रार नोंदवावी. आदेशच प्रतिकूल आला, तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत सत्र न्यायालयात अपील करावे.