अंगठ्याचं नख रुतलंय? कोपरा खोदू नका, उचला

मधुमेह असेल, पाय बधिर होत असतील किंवा पायाचा रक्तपुरवठा कमी आहे असं डॉक्टरांनी कधी सांगितलं असेल, तर खालचं काहीही घरी करू नका, सरळ दवाखाना गाठा. माझ्या सासऱ्यांना मधुमेह आहे. त्यांच्या अंगठ्याला मी हात लावत नाही. बधिर पायाला गरम पाण्याचा चटकासुद्धा कळत नाही, आणि नखाच्या कडेची बारीकशी जखम चिघळत हाडापर्यंत जाऊ शकते. पू येत असेल, ताप असेल, लाली अंगठ्यावरून पावलाकडे सरकत असेल किंवा कडेला हात लावताच रक्त येणारं लाल मांस वाढलं असेल, तर धडधाकट माणसानेही घरचे प्रयोग थांबवावेत.

बाकीच्यांनी वाचा. नख बहुधा अंगठ्याचंच रुततं. नख कडेने गोल आणि खोल कापलं, बूट पुढून चिमटा निघाला, फुटबॉल खेळताना ठेच लागली, की कोपरा शेजारच्या मांसात घुसतो. काहींची नखं मुळातच कडेला वळलेली असतात, ते घराण्यातच येतं. त्यात आपलं नागपूर. मे महिन्यात पारा 45 च्या आसपास, आणि पाय दिवसभर बंद बुटात. घामाने भिजून कातडी मऊ पडली की नखाची टोकदार कड आरामात आत शिरते. मुलगा फुटबॉलवाला आणि दीर बुटीबोरीच्या कारखान्यात सेफ्टी शूजवाले असल्यामुळे आमच्या घरी हा कार्यक्रम चालूच असतो.

आता दोन सल्ले, जे प्रत्येक लग्नात कुणीतरी देतंच. पहिला, नखाच्या टोकाला मधोमध खाच पाडण्याचा : “मधात व्ही काप ना बाप्पा, नख आपोआप मधात येते.” येत नाही. नख मुळापासून वाढतं. टोकाला तुम्ही काय नक्षी काढली याची मुळाला खबरच नसते. दुसरा : चुना लावा. खर्र्याच्या, म्हणजे तंबाखू-सुपारीच्या पुडीसोबत मिळणारा तो चुना कातडी भाजतो. आधीच सुजलेल्या जागी भाजलेली जखम कशाला हवी?

पहिलं काम : सोसेल इतक्या कोमट पाण्यात पाय पंधरा-वीस मिनिटं बुडवा, दिवसातून तीनदा. मीठ घातलं तरी चालेल. पाय नीट पुसा, बोटांच्या मधेही. घरात असाल तोवर पुढून मोकळी चप्पल घाला.

पुढची पायरी म्हणजे कोपऱ्याखाली कापूस सरकवणं. सगळी गोम इथे आहे. मलाही हे जमायला बराच काळ लागला, कारण सांगणारे “कापूस ठेवा” एवढंच सांगतात. कुठे, किती, कसा, हे कोणी सांगत नाही.

पाय भिजवून झाल्या झाल्या बसा, नख तेव्हाच मऊ असतं. उजेड भरपूर हवा. हात साबणाने धुवा. कापसाचे मोजके तंतू ओढून बोटांत वळा. जाड दोऱ्याएवढी, सेंटिमीटरभर लांब वात पुरे. लोक बोळा कोंबतात. बोळ्याने मांस अजून दाबलं जातं आणि रात्रभर अंगठा ठणकतो. एका हाताच्या अंगठ्याने नखाशेजारचं मांस खाली आणि बाहेर ओढून धरा. ही ओढ सोडायची नाही, अर्धं काम तिचंच आहे. आता वात नखाच्या पुढच्या मोकळ्या कडेखालून, समोरून आत न्या. बाजूच्या खाचेतून कधीही शिरू नका, जखम तिथेच असते. वात अडली तर जोर लावू नका. हलकेच डावी-उजवी करत सरकवा. दातांत फिरवायचा मेणाचा धागा असेल तर तो कोपऱ्याखाली घालणं जास्त सोपं जातं. सुई, टाचणी, ब्लेड यांचा इथे काही संबंध नाही. वात नीट बसली की कोपरा किंचित उचललेला दिसतो आणि टोचणं तिथल्या तिथे कमी होतं. कळ वाढली किंवा रक्त आलं, तर वात काढा, उद्या बघू.

वात रोज बदलायची. ओली वात तीन दिवस तशीच ठेवणं म्हणजे जंतूंना भाड्याने खोली देणं.

आणि धीर धरा. पायाचं नख महिन्याला जेमतेम दीड मिलिमीटर वाढतं. दुखणं काही दिवसांत कमी होतं, पण कोपरा मांसाच्या पुढे यायला आठवडे लागतात. या काळात तो कोपरा कापायचा मोह होईल. कापलात की पुन्हा पहिल्यापासून. कोपरा बाहेर आल्यावर नख सरळ रेषेत कापा, टोकं कानशीने जराशी घासा, बस्स. आणि नवे बूट घ्यायला सीताबर्डीच्या बाजारात संध्याकाळी जा, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात.

चार-पाच दिवसांत काहीच फरक नाही? मग डॉक्टर. नुसत्या अँटिबायोटिक गोळ्यांवर समाधान मानू नका. नखाचा तुकडा मांसात रुतलेला असेपर्यंत सूज परत येते. पूर्ण नख उपटणं हाही माझ्या मते बहुतेकांसाठी अतिरेक आहे : मूळ शाबूत असल्याने नख पुन्हा येतं आणि बऱ्याचदा पुन्हा रुततं. बोटाच्या बुंध्याशी भूल देऊन फक्त रुतलेल्या बाजूची पट्टी काढतात आणि तिथल्या मुळाला फिनॉल नावाचं रसायन लावतात, म्हणजे तेवढी पट्टी परत उगवत नाही. हे करता का, असं स्पष्ट विचारा. सगळ्यात जास्त दुखतं ते भुलेचं इंजेक्शन. नंतर काही आठवडे जखमेतून थोडं पाणी येत राहतं, त्याने घाबरू नका. त्या दिवशी चप्पल घालूनच जा आणि सोबत कुणाला तरी न्या, कारण डावा अंगठा असेल तर मोटरसायकलचा गिअर उचलता येणार नाही.