पावसाळ्यात थ्री-नॉट-थ्रीची निगा

साताऱ्याच्या पावसात संग्रहातली जुनी ली-एनफिल्ड, म्हणजे थ्री-नॉट-थ्री (.३०३) बोअरची ब्रिटिश रायफल, कपाटातही गंज धरते. आधी मॅगझिन (गोळ्यांची पेटी) काढा, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामा आहे ना ते बोट घालून बघा. बोल्ट, म्हणजे चेंबर बंद करणारा सरकता दांडा, पूर्ण मागे ओढून त्याचं डोकं वर उचललं की तो सुटतो. पुल-थ्रूच्या (नळी पुसायच्या दोरीच्या) फासात ४ बाय २ इंचांची फ्लॅनेलची चिंधी अडकवा, चेंबरकडून तोंडाकडे ओढा; अगदी सरळ. दोरी तिरकी गेली तर नळीच्या तोंडाला घासून खाच पाडते, मग नेम गेलाच म्हणायचा. युद्धकाळच्या काडतुसांच्या टोपीतले (बुडाशी ठिणगी पाडणाऱ्या भागातले) क्षार नळीत ओल धरतात. ते तेलानं हटत नाहीत, म्हणून शिपाई गोळीबारानंतर आधी उकळतं पाणी ओतत. लाकडाला कच्चं जवसाचं तेल चोळा. वार्निश? अजिबात नको. बोल्टवरचा आणि बॉडीवरचा (बोल्ट ज्यात सरकतो त्या सांगाड्यावरचा) क्रमांक जुळतोय ना, तेही पाहा.