एका टप्प्यात काढलेली किंमत (व्हॅल्यू) दुसऱ्या टप्प्यात कशी न्यावी: स्पार्क आणि बीम शिकतानाचा अनुभव

स्पार्क म्हणजे मोठ्या डेटावरचे काम अनेक संगणकांवर वाटून करणारी प्रणाली. तिच्यावर मी लिहिलेला पहिला प्रोग्रॅम अगदी साधा होता: मोठ्या फाइलमधील सदोष ओळी मोजायच्या. मी बाहेर एक चल घेतले, त्याची किंमत शून्य ठेवली आणि फॉरइचमध्ये (प्रत्येक नोंदीवर दिलेले फंक्शन चालवणाऱ्या क्रियेत) प्रत्येक सदोष ओळीला ती एकने वाढवली. माझ्या संगणकावर लोकल मोडमध्ये उत्तर बरोबर आले, पण क्लस्टरवर (अनेक संगणकांच्या समूहावर) तोच प्रोग्रॅम शून्य दाखवू लागला, आणि तेही कोणतीही त्रुटी न देता.

कारण समजायला मला बरेच दिवस लागले. फॉरइचला दिलेले फंक्शन ड्रायव्हरवर, म्हणजे मुख्य प्रोग्रॅम चालतो तिथे, चालत नाही. त्याने वापरलेल्या चलांसकट ते सिरिअलाइझ होऊन (पाठवता येतील अशा बाइट्समध्ये बदलून) एक्झिक्युटरकडे, म्हणजे प्रत्यक्ष काम करणाऱ्या प्रक्रियांकडे, जाते आणि तिथे त्या चलाची प्रतच वाढते, मूळ चल ड्रायव्हरवर जसेच्या तसे राहते. लोकल मोडमध्ये सारे एकाच जेव्हीएममध्ये (जावाच्या आभासी यंत्रात) चालत असल्याने कधीकधी मूळ चलच हाती लागते. त्यामुळे लोकल मोडमधील बरोबर उत्तर हा पुरावा मानू नये, हे मी प्रत्येक नवशिक्याला आग्रहाने सांगतो.

दुसरी अडचण सरासरीची होती. प्रत्येक नोंदीतून सर्व नोंदींची सरासरी वजा करायची होती, म्हणून मी मॅपच्या (प्रत्येक नोंदीचे रूपांतर करणाऱ्या क्रियेच्या) आतच त्याच आरडीडीवर (स्पार्कमधील वाटून ठेवलेल्या नोंदींच्या संचावर) मीन, म्हणजे सरासरी, काढायला सांगितले आणि प्रोग्रॅम थांबला, कारण आरडीडीवरच्या क्रिया फक्त ड्रायव्हरवरून सुरू करता येतात, दुसऱ्या क्रियेच्या पोटात नाही. म्हणजे काम दोन फेऱ्यांत करावे लागते. पहिल्या फेरीत बेरीज आणि संख्या एकत्र काढून ड्रायव्हरवर आणायच्या आणि दुसऱ्या फेरीत त्यांतून निघालेली सरासरी सर्वांना द्यायची. (प्रत्येक पार्टिशनची, म्हणजे डेटाच्या प्रत्येक तुकड्याची, सरासरी काढून त्यांची पुन्हा सरासरी घेण्याचा मोह होतो, पण पार्टिशन असमान असतील तर ते उत्तर चुकते.) दोन फेऱ्यांमध्ये मूळ डेटा दोनदा वाचला जातो, म्हणून मेमरीत मावत असेल तर आधी पर्सिस्ट करावा, म्हणजे काढलेला डेटा पुढच्या वापरासाठी राखून ठेवावा.

सरासरीसारखा एक आकडा क्लोजरमधून (फंक्शन आणि त्याने वापरलेली बाहेरची चले यांच्या गठ्ठ्यातून) सहज जातो. त्यासाठी वेगळी व्यवस्था लागत नाही. माझा प्रश्न उभा राहिला तो संकेतांक आणि वर्णन यांच्या मोठ्या तक्त्यामुळे. क्लोजरमधील डेटाही स्पार्क प्रत्येक स्टेजसाठी (कामाच्या टप्प्यासाठी) स्वतःच ब्रॉडकास्ट करतो, म्हणजे सर्व एक्झिक्युटरना पाठवतो, परंतु तो सिरिअलाइझ केलेल्या रूपात राहतो आणि प्रत्येक टास्कच्या (एका पार्टिशनवरच्या कामाच्या) आधी उलगडावा लागतो, त्यामुळे शेकडो टास्क असतील तर हा खर्च जाणवतो. तोच तक्ता ब्रॉडकास्ट व्हेरिएबलमध्ये ठेवला की स्काला किंवा जावामध्ये एक्झिक्युटरवर उलगडलेली प्रत राहते आणि अनेक स्टेजना ती वापरता येते. मात्र ब्रॉडकास्ट केल्यानंतर मूळ वस्तूत बदल करू नये, अन्यथा नंतर जोडला गेलेला नोड (क्लस्टरमधील संगणक) वेगळी किंमत पाहू शकतो. डेटाफ्रेमच्या (स्तंभ असलेल्या तक्त्यांच्या) जोडणीत हेच काम ब्रॉडकास्ट जॉइन करतो आणि त्याची आपोआप लागू होणारी मर्यादा मुळात १० एमबी असते.

स्पार्कचा २०१० चा शोधनिबंध वाचल्यावर मला या रचनेचा हेतू कळला. तिथे सामायिक चलांचे दोनच मर्यादित प्रकार दिले आहेत: केवळ वाचण्यासाठीचे ब्रॉडकास्ट व्हेरिएबल आणि टास्कना केवळ भर घालता येईल असा अ‍ॅक्युम्युलेटर. ही मर्यादा मला सुरुवातीला जाचक वाटली, पण आज ती अत्यंत विचारपूर्वक घातलेली वाटते, कारण एखादे टास्क अयशस्वी झाले तर स्पार्क ते पुन्हा चालवतो आणि सर्वांना मनमानी लिहिता येणारे चल असते तर या पुनरावृत्तीत त्याचा अर्थच उरला नसता.

अ‍ॅक्युम्युलेटरही यातून पूर्णपणे सुटत नाही. सदोष ओळींची मोजणी मी मॅपमध्ये अ‍ॅक्युम्युलेटरने केली, मग त्याच आरडीडीवर आधी काउंट आणि नंतर फाइल लिहिण्याची क्रिया चालवली, तेव्हा आकडा बरोबर दुप्पट आला, कारण पर्सिस्ट न केल्याने मॅप दोनदा चालला होता. प्रत्येक टास्कची भर एकदाच धरली जाण्याची हमी अ‍ॅक्शनच्या (काउंटसारख्या, प्रत्यक्ष निकाल मागणाऱ्या क्रियेच्या) आत केलेल्या बदलांनाच आहे. म्हणून ट्रान्सफॉर्मेशनमधील (मॅपसारख्या रूपांतरातील) अ‍ॅक्युम्युलेटर मी केवळ तपासणीसाठी वापरतो आणि अहवालात जाणारा आकडा वेगळ्या क्रियेने काढतो.

अपाची बीम या डेटा-पाइपलाइन लिहिण्याच्या दुसऱ्या साधनाकडे वळल्यावर या सवयींपैकी एक सोडावी लागली. तिथे पाइपलाइनचा आराखडा आधी पूर्ण रचला जातो आणि मग चालतो, त्यामुळे मध्येच किंमत मुख्य प्रोग्रॅममध्ये आणून पुढे पाठवता येत नाही. काढलेली सरासरी पीकलेक्शनच (बीममधील नोंदींचा संच) राहते आणि पुढच्या पारडूला (प्रत्येक नोंदीवर फंक्शन चालवणाऱ्या टप्प्याला) साइड इनपुट, म्हणजे जोडीचा डेटा, म्हणून सिंगलटन (एकच किंमत), यादी किंवा मॅपच्या रूपात दिली जाते. सिंगलटन घेतल्यास त्या विंडोत (नोंदींच्या कालखंडानुसार केलेल्या गटात) नेमकी एकच किंमत असावी लागते.

विंडोचा हा मुद्दा मला महागात पडला. स्ट्रीमिंग (सतत येणाऱ्या डेटाच्या) पाइपलाइनमध्ये न संपणाऱ्या स्रोतावरून येणारे साइड इनपुट मी मुळात मिळणाऱ्या (डिफॉल्ट) ग्लोबल विंडोत, म्हणजे सर्व काळासाठीच्या एकाच विंडोत, आणि डिफॉल्ट ट्रिगरसह (निकाल केव्हा पुढे सोडायचा हे ठरवणाऱ्या नियमासह) ठेवले होते. ती विंडो कधीच संपत नसल्याने किंमत तयार होत नव्हती आणि मुख्य प्रवाहातील नोंदी तिची वाट पाहत थांबून राहिल्या होत्या. शेवटी त्या बाजूला पुन्हा पुन्हा सुटणारा ट्रिगर लावला, प्रत्येक वेळी नवीनतम किंमतच पुढे जाईल अशी व्यवस्था केली, आणि नोंदी पुढे सरकू लागल्या.