हिमनदी किती खचली? आधी पन्हाळ्यावर सराव, मग छोटा शिग्री

हिमाचलातल्या छोटा शिग्रीसारख्या हिमनदीची उंची किती घटली हे कोल्हापुरात बसून, फुकट मिळणाऱ्या दोन डीईएमच्या (प्रत्येक पिक्सेलला जमिनीची उंची देणाऱ्या डिजिटल नकाशांच्या) वजाबाकीतून काढता येतं. वजाबाकी पाच मिनिटांची असते. खरी मेहनत त्याआधीची, आणि ती शिकायला बर्फाचा मागमूस नसलेला आपला जिल्हाच उत्तम: इथे उत्तर शून्य यायला हवं, जे उरेल ती चूक.

जुना डीईएम एसआरटीएम या स्पेस शटलवरच्या रडार मोहिमेचा घ्या (फेब्रुवारी २०००, सी-बँड रडार, तरंगलांबी ५.६ सेंमी). नवा कोपर्निकस जीएलओ-३० (टॅनडेम-एक्स या रडार उपग्रहांच्या जोडीची २०११ ते २०१५ ची मोजणी, एक्स-बँड, ३.१ सेंमी). दोन्हींचा पिक्सेल साधारण ३० मीटरचा. दोन्ही मोहिमांत दोन अँटेनांनी एकाच क्षणी जमीन पाहिली, म्हणून हे जमतं. सेंटिनेल-१ या रडार उपग्रहाच्या बारा दिवसांच्या अंतराने घेतलेल्या जोड्या इथे वापरू नका. तेवढ्यात बर्फ सरकतो, वितळतो आणि परतलेल्या रडार लहरींची फेज (लहरीची अवस्था) जुळतच नाही.

सरावासाठी १६ उत्तर, ७४ पूर्व ही टाइल उतरवा, छोटा शिग्रीसाठी ३२ उत्तर, ७७ पूर्व. दोन्ही नकाशा-प्रक्षेपणाच्या यूटीएम ४३ उत्तर झोनमध्ये येतात, त्यामुळे क्यूजीआयएस या मोफत नकाशा सॉफ्टवेअरमधली मांडणी बदलावी लागत नाही. दोन्ही रास्टर (पिक्सेलचे नकाशे) एकाच ३० मीटर ग्रिडवर बायलिनिअर पद्धतीने, म्हणजे शेजारच्या चार पिक्सेलांच्या भारित सरासरीने, आणा. उंचीचा पाया तपासा: एसआरटीएम ईजीएम९६ वर आहे, कोपर्निकस ईजीएम२००८ वर (दोन्ही समुद्रसपाटीची मॉडेलं). एखादा डीईएम डब्ल्यूजीएस८४ च्या एलिप्सॉइडवरचा (पृथ्वीच्या गणिती लंबगोलावरचा) निघाला तर अख्खा नकाशा कित्येक दहा मीटरने चुकतो.

आता नवा वजा जुना. पन्हाळा-जोतिबाच्या डोंगरांचा एक उतार लाल आणि समोरचा निळा दिसला, तर एक डीईएम आडवा सरकलेला आहे. ३० अंशांच्या उतारावर १५ मीटरची, म्हणजे अर्ध्या पिक्सेलची सरक जवळजवळ ९ मीटरचा खोटा फरक दाखवते. हिमनदीचा खराखुरा बदल अनेकदा याहून लहान असतो! उपाय न्यूथ आणि काब यांच्या २०११ च्या पद्धतीचा: उंचीतला फरक भागिले उताराचा टॅन, ही किंमत उताराच्या दिशेसमोर मांडा, कोसाइन वक्र बसवा, सरक काढा, डीईएम हलवा, पुन्हा करा. पायथनमधलं एक्सडेम हे पॅकेज हे करून देतं. सगळ्या दिशांचे उतार हवेत, आणि ते पन्हाळ्याभोवती मिळतात. शिरोळ-हातकणंगल्याचा उसाचा पट्टा मात्र स्थिर जमीन म्हणून धरू नका. रडार पिकावरूनच परततं, आणि उभा ऊस की तोडलेलं रान, यावर काही मीटरचा फरक पडतो. रंकाळ्यासारखे जलाशयही झाका.

छोटा शिग्रीवर हेच करा, फक्त आरजीआय या जगभरच्या हिमनद्यांच्या यादीतल्या सीमारेषांनी सगळ्या हिमनद्या झाकून जुळणी बाजूच्या उघड्या खडकावर करा. ४० अंशांपेक्षा तीव्र कडे वगळा, तिथे रडारची सावली आणि लेओव्हर (माथा आणि पायथा प्रतिमेत एकमेकांवर येणं) असतो. एसआरटीएममधल्या आणि कोपर्निकसमधल्या भरलेल्या जागाही काढा. कोपर्निकससोबत भरावाचा मास्क येतो. काही जागा तिथे एसआरटीएमनेच भरल्या आहेत, तिथे फरक शून्य दिसतो आणि हिमनदी स्थिर असल्याचा भास होतो.

सर्वांत अवघड भाग रडारच्या शिरकावाचा. फेब्रुवारीतला कोरडा बर्फ सी-बँडला काही मीटर आत शिरू देतो, त्यामुळे २००० चा पृष्ठभाग खाली दिसतो आणि घट कमी भासते. एक्स-बँड सहसा कमी आत जातो. ओल्या बर्फावर शिरकाव काही सेंटीमीटरच. वरच्या संचय क्षेत्रात (जिथे बर्फ साठत जातो) हिमनदी वाढल्यासारखी दिसली तर आधी हाच संशय घ्या. एसआरटीएमच्या एक्स-बँड पट्ट्या त्या भागात असतील तर सी आणि एक्समधला फरक उंचीनुसार काढून दुरुस्ती करा. पण एक्सही थोडा आत जातो, म्हणून ती दुरुस्ती किमान मानायची.

मग १०० मीटरच्या उंची-पट्ट्यांत मध्यकापासून एनएमएडीच्या (मध्यकावर आधारलेल्या विखुरणीच्या मापाच्या) तिपटीहून दूरच्या किंमती वगळा आणि सरासरीला पट्ट्याच्या क्षेत्रफळाचं वजन द्या. समजा सरासरी फरक −६ मीटर आला आणि कालावधी १३ वर्षांचा: वर्षाला −०.४६ मीटर. घनमीटरला ८५० किलो घनता धरली तर पाण्याच्या हिशेबात वर्षाला −०.३९ मीटर. घनतेतच ±६० किलोची अनिश्चितता आहे.

त्रुटी काढताना स्थिर जमिनीवरच्या फरकाला पिक्सेलसंख्येच्या वर्गमुळाने भागू नका. शेजारचे पिक्सेल एकसारखेच चुकतात, त्यामुळे स्वतंत्र मोजण्या फार कमी असतात. व्हेरिओग्रामवरून (अंतर वाढेल तशा चुका किती वेगळ्या होतात हे दाखवणाऱ्या आलेखावरून) सहसंबंधाचं अंतर काढा आणि तेवढ्या लांबी-रुंदीचे तुकडे मोजून त्यांच्याच संख्येच्या वर्गमुळाने भागाकार करा.