थंडीतही तासाभरात फुगणारं पावाचं पीठ

नाशिकच्या डिसेंबरात ओट्यावर ठेवलेलं पीठ फुगतच नाही. मिसळीसोबत घरचे पाव हवे असतील तर अर्धा किलो मैद्यात 7 ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, 50 ग्रॅम साखर, चमचाभर मीठ आणि साधारण 300 मिली कोमट दूध घाला. दुधात बोट बुडवून बघा: ऊब लागावी, चटका नाही, गरम दुधाने यीस्ट मरतं.

50 ग्रॅम मऊ लोणी मात्र शेवटीच. आधी घातलं तर मैद्याला तार धरायला वेळ लागतो. लोणी घातल्यावर पीठ चिकट, फाटल्यासारखं होतं. तेव्हा वरून मैदा अजिबात भुरभुरू नका, पाव दडस होतात. दहा मिनिटं मळत राहा, आपोआप गुळगुळीत होतं. मग झाकून, बंद ओव्हनमध्ये उकळत्या पाण्याच्या पातेल्याशेजारी ठेवा. ओव्हन सुरू करायचा नाही.