जुना कोट गोव्याच्या हवेत कसा जपावा

गोव्यात जुने सूट निघतात याचे बाहेरच्या माणसाला नवल वाटते. पण इथल्या कितीतरी घरांतली माणसे लिस्बनला, नैरोबीला, लॉरेन्सो मार्क्सला (म्हणजे आजच्या मापुतोला) नोकरीला गेली, तारवटी होऊन बोटीवर चढली, आणि परतताना ट्रंकेत सूट घेऊन आली. ख्रिस्ती लग्नात नवऱ्याच्या अंगावर आजही सूट असतो. आपल्याकडच्या वकिलांच्या घरी काळा अल्पाकाचा कोट असायचा. आता ही जुनी घरे बंद होत आहेत, वाटण्या होत आहेत, आणि त्या ट्रंका उघडत आहेत. दुःख एवढेच की आपल्या हवेत कोट वापरून झिजतात कमी आणि बंद कपाटात कुजतात जास्त. म्हणून घालणार असाल तेवढेच घ्या.

शोध कुठे घ्यायचा

म्हापशाचा शुक्रवारचा बाजार आहे, पर्यटनाच्या हंगामात हणजुणेचा बुधवारचा आणि हडफडेचा शनिवारचा रात्रीचा बाजार आहे. तिथे फिरून बघायला हरकत नाही. पण माझे चांगले कोट जुन्या टेलरकडून आले. गिऱ्हाईक माप देऊन गेले, परत आलेच नाही, असा एखादा कोट त्यांच्या कपाटात वर्षानुवर्षे लटकत असतो. ओळखीच्या घरातून घेणार असाल तर घासाघीस करू नका. तो कुणाच्या तरी वडिलांचा कोट असतो.

आधी खांदा, मग बाकीचे

कोट अंगात घाला आणि खांद्याची शिवण तुमच्या खांद्याचे हाड संपते तिथेच संपते का ते पाहा. मग भिंतीला बाजूने टेका. दंडाच्या आधी कोटाचे पॅड भिंतीला लागले तर कोट मोठा आहे, कितीही आवडला तरी ठेवून द्या. मी एकदा असाच मोठा कोट घेऊन टेलर मास्तरांकडे गेलो होतो. त्यांनी तो उलटा करून पाहिला आणि म्हणाले, "बाबा, बाही सोडून देतो, कंबर आत घेतो, पण खांद्याला हात लावायला सांगू नको." खांदा बदलायचा म्हणजे बाही, कॉलर, अस्तर सगळे उसवायचे. त्यात कोटाच्या किमतीपेक्षा शिलाई जास्त होते.

खांदा जमला की शिवणीत माया (आत दुमडून ठेवलेले जादा कापड) किती आहे ते बघा, पाठीच्या मधल्या शिवणीत आणि बाहीच्या टोकाला. जुने शिंपी माया सढळ ठेवत. माझ्या एका निळ्या कोटाची बाही सोडली तेव्हा आतून दोन बोटे कापड निघाले, आणि ते गर्द शाईसारखे निळे होते. बाहेरचा रंग इतकी वर्षे उन्हाने खाल्ला होता हे त्या पट्टीमुळे कळले. बाही वाढवली तर असा पट्टा उठून दिसतो, म्हणून रंग आधी ताडून पाहा.

कापड आणि आतली बांधणी

आतल्या शिवणीतून एक धागा काढून घरी जाळा. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरगळली तर लोकर. धागा वितळून टणक मणी झाला तर पॉलिएस्टर. वासही लोकरीचा आणि मणीही झाला तर मिश्रण, म्हणजे टेरीवूल. तेही टिकते, पण गोव्यात अंगात उकडते.

मग खालच्या बटणाजवळ कोटाचा पुढचा भाग चिमटीत धरून बाहेरचे कापड आणि आतले कापड एकमेकांपासून ओढा. मध्ये तिसरा पदर मोकळा सरकताना जाणवला तर आत शिवलेला कॅनव्हास आहे. असा कोट सोडू नका. दोनच पदर लागले तर पेस्टिंग आहे, म्हणजे आतला पदर न शिवता डिंकाने चिकटवलेला. जुन्या पेस्टिंगचा डिंक दमटपणात सुटतो आणि छातीवर फोड आल्यासारखे दिसते. ते दुरुस्त होत नाही.

वय ओळखायचे तर आतल्या खिशात हात घाला. लंडनच्या सॅव्हिल रोचे शिंपी गिऱ्हाइकाचे नाव आणि तारीख तिथल्या पट्टीवर लिहीत. अमेरिकेत धुण्याच्या सूचनांची पट्टी १९७२ पासून सक्तीची झाली, त्यामुळे अमेरिकी कोटात ती दिसली तर तो बहुधा त्यानंतरचा.

घरी आणल्यावर

तो थेट तुमच्या कपड्यांत ठेवू नका. कसर लागलेली असेल तर सगळ्या लोकरीत पसरेल. कसरीच्या अळ्या लोकर खातात, आणि घाम किंवा जेवणाचे डाग असलेली जागा त्यांना जास्त आवडते. म्हणून काखा, कॉलरची मागची बाजू आणि खिशाची तळे आधी बघा. कोट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, नाहीतर गार कापडावर पाणी सुटेल. दिवसभर तशीच राहू द्या.

नंतर अंगणात, तोंडाला मास्क लावून, मऊ ब्रशने वरून खाली झाडा. पांढुरकी बुरशी घरात झाडली तर तिचे कण दुसऱ्या कपड्यांवर बसतात. कोट उलटा करून सकाळच्या कोवळ्या उन्हात अर्धा तास ठेवा, जास्त नाही. काखेतल्या वासावर पाणी मिसळलेला वोडका अस्तरावर हलका फवारून वाऱ्याला टांगा. रंग जातो का ते आधी आतल्या कोपऱ्यात पाहा.

लोकरीचा कोट पाण्यात घालू नका. कापड, कॅनव्हास आणि अस्तर वेगवेगळे आकसतात आणि छाती कायमची वाकडी होते. ड्रायक्लीनिंग वर्षातून एकदा पुरे, तेही डाग असेल तर. माझ्या काकांचा तपकिरी कोट मी एका लाँड्रीत दिला होता. परत आला तेव्हा कॉलर कागदासारखी चपटी, आणि कोपरावर इस्त्रीची चमक. ती गेलीच नाही, आणि काकांनी तो किती हौसेने शिवला होता हे आठवून अजून जिवाला लागते. तेव्हापासून मी फक्त वाफ देतो, ओले सुती फडके मध्ये घालून, इस्त्री न दाबता.

पावसाळा

जून ते सप्टेंबर हवेत इतका ओलावा असतो की पंधरा दिवस न उघडलेल्या कपाटात बुरशी धरते. मे महिन्यातच कोट स्वच्छ करून रुंद खांद्याच्या हँगरला लावा. वरून प्लास्टिक नको, जुन्या धोतराचे आवरण शिवा. दोन कोटांत चार बोटे जागा, तळाला सिलिका जेलच्या पुड्या, आणि कपाट बाहेरच्या भिंतीपासून थोडे दूर. दर आठवड्याला कोट काढून पंख्याखाली तासभर टांगा. एवढे केले तर डांबराच्या गोळ्यांची गरज पडत नाही, आणि तो वास कापडातून निघता निघत नाही.

घालायचा कसा

डिसेंबर-जानेवारीच्या रात्री इथे पारा २० अंशांच्या आसपास उतरतो, तेव्हा हलकी लोकर सुखाची. इतर दिवसांत लिनन, किंवा फक्त अर्धे अस्तर असलेला कोट. पूर्ण जुना सूट, जुनी टाय, जुनी टोपी एकत्र घातली की नाटकातले पात्र वाटते. त्यापेक्षा जुना कोट, साधी सुती पँट आणि पांढरा शर्ट. घरी आल्यावर खिसे रिकामे करा, ब्रश फिरवा, रात्रभर मोकळ्या हवेत टांगा आणि दुसऱ्या दिवशी मगच कपाटात ठेवा.